दहा बाय बाराच्या खोलीतले गाणे: स्पीकरची निवड आणि मांडणी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातील सदनिकेत ३ मीटर रुंद, ३.६ मीटर लांब आणि २.८५ मीटर उंच अशी एक खोली आपण व आपल्या वडिलांनी गाणे ऐकण्यासाठी राखली आहे. ऐकायचे ते मुख्यतः ख्यालगायन, जुनी नाट्यपदे आणि थोडे वाद्यसंगीत. दुकानदार जमिनीवर उभे राहणारे टॉवर स्पीकर सुचवतो आहे, तर वडील सांगतात की त्यांच्या एका मित्राकडे तसलेच स्पीकर आहेत, पण तिथे डग्गा सतत घुमत राहतो आणि तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही. मी गेली सत्तावीस वर्षे घरोघरी स्पीकर बसवण्याचे काम करतो आहे आणि वडिलांचे निरीक्षण मला अचूक वाटते. या खोलीसाठी टॉवर घेऊ नका. स्टँडवर ठेवायचे, दोन ड्रायव्हरचे, म्हणजे वरच्या स्वरांसाठी ट्वीटर आणि खालच्या स्वरांसाठी १३ ते १६.५ सेंटीमीटर वूफर असलेले लहान स्पीकर घ्या, आणि वाचलेले पैसे व त्याहून अधिक वेळ मांडणीवर खर्च करा.

कारण सांगायचे तर खोलीपासून सुरुवात करावी लागेल. आपल्याकडच्या साधारण तापमानात आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. ३.६ मीटर लांबीच्या दोन भिंतींमध्ये ज्याची अर्धी तरंगलांबी नेमकी मावते तो स्वर सुमारे ४८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४८ कंपनांचा. रुंदीचा तसा स्वर ५७ हर्ट्झच्या आसपास आणि उंचीचा ६० च्या आसपास. या स्वरांना खोली स्वतःहून साथ देते, म्हणजे ते मूळ ध्वनिमुद्रणात जेवढे आहेत त्याहून मोठे होतात आणि थांबायला हवे तेव्हा थांबत नाहीत. त्यांच्या दुपटीवर, म्हणजे ९६, ११५ आणि १२० हर्ट्झच्या आसपास, हेच पुन्हा घडते. वर जावे तशी अशा स्वरांची दाटी होत जाते आणि एका मर्यादेनंतर कोणताही एक स्वर वेगळा उठून दिसत नाही. जर्मन ध्वनिशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांच्या सूत्राने आपल्या खोलीची ही मर्यादा साधारण २५० हर्ट्झ येते. त्याखाली जे ऐकू येते ते स्पीकरपेक्षा खोलीचे अधिक असते. दुकानात किंवा परीक्षणात ज्या खर्जाची स्तुती झालेली असते तो खर्ज आपल्या घरी येत नाही, आणि जो येतो तो आपल्या खोलीचा असतो, हे एकदा मान्य केले की निवड फार सोपी होते.

इथे आपल्या बांधकामाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि परदेशी परीक्षणे वाचताना तो नेहमी निसटतो. अमेरिकेतील बहुतेक घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात. त्या थोड्या हलतात, आणि हलताना खालचे स्वर गिळतात. आपल्या भिंती विटांच्या किंवा काँक्रीटच्या, वर सिमेंटचा गिलावा, खाली टाइल आणि डोक्यावर स्लॅब. यांतले काहीही हलत नाही, त्यामुळे खालचा स्वर जवळजवळ जसाच्या तसा परत खोलीत येतो. ज्या टॉवरबद्दल तिकडचा परीक्षक "खर्ज भरदार आहे" असे लिहितो, तोच टॉवर पुण्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत ढोल वाटतो. वडिलांच्या मित्राकडे नेमके हेच झाले असावे.

आता आपल्या संगीताला मुळात किती खालचा स्वर लागतो ते पाहा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा त्याच स्वरावर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. गायिकेचा षड्ज काळी चार असेल तर तो सुमारे २०८ आणि तिच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झवर येतो. डग्ग्याचा घुमारा थोडा खाली जातो, पण त्याचे बहुतेक काम ७० हर्ट्झच्या वरच चालते. म्हणजे ५५ हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा लहान स्पीकर आपल्या ऐकण्याला पुरेसा आहे. टॉवर जे अधिकचे खालचे सप्तक देतो त्यात आपल्या संग्रहातील गाणे जवळजवळ नसते. तिथे असते ती रेकॉर्डिंगच्या वेळची मंचावरची धडधड, मायक्रोफोनला लागलेला हात आणि खोलीचा ४८ हर्ट्झचा हट्ट. नाट्यपदांच्या बाबतीत तर हे आणखी खरे आहे. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वीच्या तबकड्या भोंग्यापुढे गाऊन केलेल्या असत आणि त्यांत खर्ज फारच थोडा उतरलेला असतो.

लहान जागेसाठी लहान स्पीकर हा विचार नवा नाही. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात, बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीसारख्या अरुंद जागेत बोलणे आणि गाणे तपासता यावे म्हणून, एलएस३/५ए नावाचा स्पीकर घडवला. ती केवळ ३० सेंटीमीटर उंचीची, सुमारे ५ लिटरची, पूर्ण बंद कॅबिनेट होती. तिची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेत निघणारा आवाज, कमी होती आणि मोठ्या आवाजात ती दमत असे, पण मानवी आवाज तिच्यातून इतका खरा येई की आजही लोक जुन्या जोड्या जपून ठेवतात. मी आपल्याला तीच घ्या असे म्हणत नाही. आज त्याहून सम वाजणारे स्पीकर कमी खर्चात मिळतात. तिच्यामागची दृष्टी मात्र घ्यावी: जागा बघून कॅबिनेट, आणि आवाजाच्या मध्यभागाला पहिला मान.

स्पीकर निवडताना मी तीन गोष्टी पाहतो. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे समोरून आणि बाजूने येणारा आवाज एकाच जातीचा आहे का. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात ज्या श्रवणचाचण्या घेतल्या, त्यांत ऐकणाऱ्याला कोणता स्पीकर वाजतो आहे हे कळू दिले जात नसे. समोरून सपाट आणि बाजूला सावकाश, एकसारखा उतरणारा आवाज देणाऱ्या स्पीकरला त्या चाचण्यांत लोक अधिक पसंती देत असल्याचे दिसले. लहान खोलीत हे विशेष लागू पडते, कारण बाजूची भिंत हाताच्या अंतरावर असते आणि ती जो आवाज परत पाठवते तो स्पीकरने बाजूला फेकलेलाच असतो. दुकानात हे तपासणे सोपे आहे. एखाद्या गायिकेचे संथ आलापाचे रेकॉर्डिंग लावा आणि स्पीकरसमोरून हळूहळू बाजूला चालत जा. आवाज मंद होईल, ते ठीक. पण तो अचानक नाकात गेला किंवा डब्यातून आल्यासारखा झाला तर तो स्पीकर आपल्या खोलीसाठी नाही.

दुसरी गोष्ट कॅबिनेट बंद आहे की पोर्टची, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेली. बंद कॅबिनेटचा आवाज खाली उतरताना सप्तकाला १२ डेसिबलने कमी होतो, पोर्टच्या कॅबिनेटचा तो आधी टिकून राहतो आणि मग २४ डेसिबलने कोसळतो. लहान पक्की खोली तळाशी स्वतःहून भर घालते, म्हणून बंद कॅबिनेटचा सावकाश उतार तिच्याशी चांगला जुळतो. अडचण एवढीच की आज बाजारात बंद कॅबिनेट थोड्या आहेत. पोर्टची घ्यावी लागली तर पोर्ट कितीवर जुळवला आहे हे विचारा. पुष्कळ लहान स्पीकरमध्ये तो ४५ ते ५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो, म्हणजे खोलीच्या लांबीच्या ४८ हर्ट्झच्या अगदी आसपास, आणि मग दोघे मिळून घुमतात. अशा वेळी कंपनीने दिलेला फोमचा बोळा पोर्टमध्ये घालून ऐकावे. अनेक घरांत मी तो कायमचा घालून ठेवला आहे. पोर्ट मागे आहे म्हणून भिंतीजवळ ठेवू नये, हा समज मात्र फारसा खरा नाही. खालचे स्वर स्पीकरमधून सगळ्या दिशांना पसरतात, त्यामुळे पोर्ट पुढे असला तरी भिंत आपले काम करतेच. पोर्टच्या तोंडाशी हवा खेळती राहण्याइतकी, म्हणजे दहा-बारा सेंटीमीटर जागा असली की झाले.

तिसरी गोष्ट वूफरच्या कडेची. पुण्यात थोडे चालून जाते, पण मुंबई-कोकणच्या दमट हवेत फोमची कड काही वर्षांत विरते, बोट लावले की भुगा हातात येतो. रबराची कड घ्या. जुनी जोडी विकत घेत असाल तर जाळी काढून कड पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

अँप्लिफायरबद्दल दुकानात जेवढी चर्चा होते तेवढी या खोलीत गरजेची नाही. ८५ डेसिबल संवेदनशीलतेची जोडी पावणेदोन मीटरवरून ऐकताना, अंतरामुळे होणारी घट, दोन स्पीकरची भर आणि भिंतींची मदत हे सगळे धरले, तर एका वॅटला साधारण तितकाच, म्हणजे ८५ डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो, आणि घरात गाणे ऐकण्यासाठी तो भरपूर मोठा आहे. तबल्याच्या जोरकस थापेसाठी वर जागा हवी, म्हणून ३० वॅट घेतले तर जवळपास १५ डेसिबलची भर पडते. ३० ते ५० वॅटचा, ४ ओम रोधाच्या स्पीकरच्या भाराला न घाबरणारा कोणताही नीट बांधलेला अँप्लिफायर चालेल. वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातली २.५ चौरस मिलीमीटरची तांब्याची लवचीक घ्या. ४ मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.०६ ओम भरतो आणि तो ऐकू येत नाही. वायरवर हजारो रुपये घालू नका, हे मी कळकळीने सांगतो. ते पैसे जड, न हलणाऱ्या स्टँडवर घाला.

आता मांडणी, आणि मला जास्तीत जास्त इथेच सांगायचे आहे. स्पीकर ३ मीटरच्या भिंतीकडे ठेवा म्हणजे ते खोलीच्या लांबीच्या दिशेने वाजतील. दोन्हींच्या मध्यांमध्ये १.७ मीटर अंतर ठेवा. बाजूच्या भिंतींपासून मग प्रत्येकी ६५ सेंटीमीटर उरतात. आपण त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकाला, प्रत्येक स्पीकरपासून तितक्याच अंतरावर बसा. ही डावी-उजवी सारखेपणाची अट पाळल्याचा एक मोठा लाभ आहे. दोन्ही स्पीकर सारखाच खर्ज वाजवत असले की रुंदीचा ५७ हर्ट्झचा घुमारा उठतच नाही, कारण एकाने दिलेला धक्का दुसरा मोडतो. एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा दाराशेजारी ठेवला की हा लाभ गेला. वडिलांच्या मित्राकडे बघा, बहुधा एक टॉवर कोपऱ्यात सापडेल.

स्पीकर त्यांच्या मागच्या भिंतीपासून किती पुढे, हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा सरधोपट दिले जाते. स्पीकरचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून उशिरा आपल्याकडे येतो. थेट आवाजापेक्षा तो जेवढे अंतर जास्त चालला ते एखाद्या स्वराच्या अर्ध्या तरंगलांबीएवढे असेल तर तो स्वर थेट आवाजाला छेदतो आणि तिथे खड्डा पडतो. स्पीकरची पुढची बाजू भिंतीपासून ७० सेंटीमीटरवर ठेवली, जसे पुष्कळ जण ठेवतात, तर आपल्या त्रिकोणात हा खड्डा सुमारे १३३ हर्ट्झवर येतो, म्हणजे काळी एकच्या षड्जाच्या अगदी शेजारी. गायक षड्जावर येऊन थांबतो आणि नेमका तिथेच आवाज पातळ होतो. ८५ सेंटीमीटरवर आणले की खड्डा १०९ च्या आसपास सरकतो, आणि तिथे त्या गायकाचा षड्ज नसतो. मात्र १०४ हर्ट्झचा गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज मग त्याच्या जवळ येतो, हे लपवून चालणार नाही. त्यासाठी स्पीकर आणखी चार-पाच सेंटीमीटर पुढेमागे करून दोन्ही रेकॉर्डिंगे ऐकावी लागतील. खोलीत वावरही करायचा असेल तर उलट टोक गाठा: पुढची बाजू भिंतीपासून ३० सेंटीमीटरवर. मग खड्डा ३०० हर्ट्झच्या वर जातो आणि तिथे तो सौम्य असतो, कारण त्या स्वरांपासून स्पीकर मागे कमी आवाज फेकू लागतो. खर्ज या जागी थोडा वाढेल, पण अँप्लिफायरच्या बास नॉबने तो दोन-तीन डेसिबल उतरवता येतो. पडलेला खड्डा मात्र कोणत्याही नॉबने भरत नाही.

बसण्याची जागा खोलीच्या बरोबर मध्यावर नको, कारण ४८ हर्ट्झ तिथे नाहीसा होतो, आणि पाठ भिंतीला टेकवूनही नको, कारण तिथे सगळे खालचे स्वर एकदम चढतात. ८५ सेंटीमीटरच्या मांडणीत आपले डोके आपल्या पाठीमागच्या भिंतीपासून सुमारे १.३ मीटरवर येते, आणि ती जागा उत्तम आहे. ३० सेंटीमीटरच्या मांडणीत त्रिकोण थोडा लांबट करा, म्हणजे स्पीकरच्या रेषेपासून १.८५ मीटर मागे बसा.

उंचीचे एक आपल्याकडचे वैशिष्ट्य सांगतो. बाजारात मिळणारे ६० सेंटीमीटरचे स्टँड खुर्चीवर बसणाऱ्यासाठी आहेत, ज्याचे कान जमिनीपासून ९५ सेंटीमीटर ते १ मीटरवर असतात. आपले वडील गादीवर मांडी घालून ऐकत असतील तर त्यांचे कान ७५ ते ८० सेंटीमीटरवर येतात आणि ट्वीटर त्यांच्या डोक्यावरून वाजतो. ट्वीटर आणि वूफर जिथे एकमेकांना सोपवतात त्या स्वरांत या कोनामुळे मोठा फरक पडतो. तंबोऱ्याची जवारी विरघळल्यासारखी होते. गादीची बैठक ठरली असेल तर सुताराकडून ४० ते ४५ सेंटीमीटरचे जड लाकडी स्टँड करून घ्या. दादरला एका वयस्कर गृहस्थांकडे मी दोन दिवस स्पीकर सरकवत होतो. शेवटी ते रोज जसे ऐकतात तसे त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो तेव्हा दोष कळला. तेव्हापासून मी पहिल्यांदा माणूस कुठे आणि कसा बसतो ते विचारतो.

खोलीच्या उपचारात घाई नको. टाळी वाजवा, टाइल आणि उघड्या भिंतींमुळे मागोमाग चिरका थरथराट ऐकू आला तर स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी घाला आणि खिडकीला चुण्या असलेला जड पडदा लावा. मग आपण बैठकीवर बसा आणि कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे ट्वीटर दिसतो तिथून पहिले परावर्तन येते. तिथे पुस्तकांचे कपाट किंवा कापडाने मढवलेली १० सेंटीमीटर जाडीची रॉकवूलची चौकट ठेवा. एक इंचाचा काळा फोम भिंतभर चिकटवू नका. तो फक्त वरचे स्वर खातो, खालचे तसेच राहतात आणि गाणे मलूल होते. घरातल्या कापसाच्या जादा गाद्या गुंडाळून मागच्या दोन कोपऱ्यांत उभ्या करून पाहा. खर्च काही नाही आणि थोडा फरक पडतो. लोखंडी कपाट त्या खोलीत असेल तर ते भरलेले ठेवा, रिकाम्या कपाटाचा पत्रा डग्ग्याबरोबर बोलतो. पंखा ऐकताना बंद ठेवा. त्याची घरघर तंबोऱ्याची मंद शेपटी झाकते, आणि फिरती पाती लांब धरलेल्या स्वराला हलकासा कंप देतात.

शेवटी तपासणी. आरईडब्ल्यू नावाचे, खोलीतला आवाज मोजणारे विनामूल्य सॉफ्टवेअर आणि मोजणीचा एक यूएसबी मायक्रोफोन मिळाला तर २५० हर्ट्झखालचे चित्र डोळ्यांना दिसते. त्यात उंचवटे असतील ते इक्वलायझरने (ठरावीक स्वर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) कापा, खड्डे भरायला जाऊ नका. पण मोजणीआधी आणि नंतरही तंबोराच लावा. त्याच्या एका आवर्तनात खर्जापासून जवारीच्या वरच्या स्वरांपर्यंत सगळे सापडते, आणि तो थांबत नसल्यामुळे दोष निसटत नाही. चारही तारांचे वजन सारखे वाटले पाहिजे. खर्जाची तार एकटीच पुढे उडी मारत असेल तर स्पीकर भिंतीपासून दूर न्या, हरवत असेल तर जवळ आणा. नंतर जुने मोनो नाट्यपद लावा: आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, जणू तिथे कोणी बसले आहे असा यायला हवा. तो पसरट आणि डोक्याभोवती फिरणारा वाटला तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. आणि मग तबला. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवले की शाईमुळे या वाद्यांचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात, म्हणूनच तबला सुरात लागतो. दायाँचा 'ना' सुरात आणि आटोपशीर ऐकू आला, तर मधले सप्तक ठीक आहे असे समजा.

एका वेळी एकच बदल करा, पाच सेंटीमीटरपेक्षा मोठा नको, आणि प्रत्येक बदलानंतर तेच रेकॉर्डिंग त्याच आवाजात ऐका. आठवडा लागला तरी चालेल. जागा मनासारखी सापडली की दोन्ही स्टँडच्या चारही कोपऱ्यांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवा, कारण झाडताना-पुसताना स्टँड सरकतात, आणि दोन महिन्यांनी गाणे पुन्हा घुमू लागले तर पहिल्यांदा त्या खुणाच पाहायच्या असतात.